पुट्टीत सगळं झाकून जातंय

"मालक, कशाला टेन्शन घेताय? पुट्टीत सगळं झाकून जातंय."

मागच्या रविवारी हे वाक्य मी माझ्याच अर्धवट घरात, माझ्याच भिंतीसमोर उभं राहून ऐकलं. हॉलच्या भिंतीला सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी लावली तर मधे करंगळी जाईल एवढी फट. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालेली. कॉलम आणि विटेची भिंत जिथं मिळते तिथं वरपासून खालपर्यंत सरळ रेघ. गिलावा होऊन चार दिवस झालेले, आणि त्यातले दोनच दिवस पाणी मारलेलं. हे सगळं दाखवलं तर ठेकेदार हसला आणि वरचं वाक्य बोलला. वाईट हेतूनं नाही हं. त्याला ते खरंच वाटतं. कारण बहुतेक मालक भिंतीकडं रंग दिल्यावरच बघतात.

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसलो. पोस्ट मोठी आहे. पण घर बांधत असाल, बांधायचा विचार असेल, किंवा गावात होणाऱ्या सरकारी इमारतींच्या कामावर तुमचा डोळा असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

कराडच्या चारी बाजूंना सध्या बांधकामं चालू आहेत. मलकापूर, आगाशिवनगर, सैदापूर, ओगलेवाडी, कुठंही जा, मिक्सरचा आवाज आणि रस्त्यावर सांडलेली क्रश सँड. माझं घर चालू आहे हे कळल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "आतनं काय करणार? जिप्सम, पीओपी का पुट्टी?" पूर्वी लोक विचारायचे पाया किती खोल घेतला, वीट कुठल्या भट्टीची. आता पहिला प्रश्न गुळगुळीतपणाचा. मोबाइलवर बघितलेली काचेसारखी भिंत प्रत्येकाला पाहिजे. मलाही पाहिजे, खोटं कशाला बोलू. आयुष्यात एकदाच घर बांधायचं, हप्ते वीस वर्षं फेडायचे, मग भिंत खडबडीत का ठेवायची?

पण गेल्या दोन महिन्यांत जे शिकलो त्यावरून माझं मत असं झालंय: जिप्सम का पुट्टी हा खरं तर चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, तुमचं घर पाण्याच्या वाटेत आहे का? दुसरा, खालचा गिलावा कशाचा आहे? तिसरा, त्याला पाणी किती दिवस मारलं? या तिन्हीची उत्तरं धड नसतील तर वरून काहीही लावा, तुम्ही फक्त झाकण विकत घेताय.

आधी आपल्या जुन्या भिंती

आपल्याकडं गुळगुळीत भिंतीची हौस नवी नाही. सोमवार पेठेत, शुक्रवार पेठेत अजून जे चार-दोन जुने वाडे उभे आहेत, तिथल्या आतल्या भिंतींवरून हात फिरवून बघा. चुन्याचा गिलावा. चुना आठवडेच्या आठवडे भिजत ठेवायचा, बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली वाळूबरोबर मळायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ अशा गोष्टींचं पाणी घालायचं आणि शेवटचा हात तासन् तास घोटायचा. घोटून घोटून भिंतीला चकाकी यायची. ती चकाकी वरून चिकटवलेली नव्हती, त्याच गिलाव्यातून निघालेली होती.

खेड्यातलं घर वेगळं. पांढऱ्या मातीची भिंत, शेणामातीचं सारवण, दसऱ्याच्या आधी आई-आजी पोतेरं फिरवायच्या. भिंत सरळ नव्हती, पण ओल आली तर सुकायची आणि पोपडा निघाला तर घरातलीच बाई दुरुस्त करायची.

ते दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. पण त्या भिंतींत एक गोष्ट होती: वरचा थर आणि खालचा थर एकाच जातीचे होते. आता आपण विटेवर सिमेंट, सिमेंटवर पुट्टी, पुट्टीवर प्रायमर आणि त्यावर प्लॅस्टिक रंग असे चार वेगळ्या स्वभावाचे पाहुणे एकाच खोलीत कोंबतो आणि भांडण झालं की रंगाच्या कंपनीला शिव्या देतो.

आता पर्याय बघू, सरळ भाषेत

*वाळू-सिमेंटचा गिलावा आणि वर नीरू.* आपल्या भागातली ही कालपरवापर्यंतची नेहमीची पद्धत. आतून साधारण 12 मिलिमीटरचा गिलावा आणि तो ओला असतानाच वरून नीरूचा पातळ हात. नीरू म्हणजे चुनाच, त्या घाणीतल्या चुन्याचा नातू. स्वस्त, भिंत श्वास घेते, डिस्टेंपर छान बसतो. काचेसारखी होत नाही, आणि पृष्ठभाग मऊ राहतो. इथं एक मोठी चूक सर्रास होते: नीरू करून घ्यायचा आणि वर परत पुट्टी मारायची. त्या मऊ, भुकटी सुटणाऱ्या थरावर पुट्टी नीट धरत नाही, दोन पावसाळ्यांत पापडासारखी सुटते. पुट्टी करायची असेल तर गवंड्याला आधीच सांगा, नीरू नको, स्पंज मारून सोड.

*पुट्टी.* यात दोन प्रकार, आणि दुकानात गेल्यावर बहुतेकांना फरक माहीत नसतो. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी थोड्या ओलसर केलेल्या भिंतीवर लावतात आणि ती सिमेंटसारखी घट्ट होते. ॲक्रेलिक पुट्टी बादलीत तयार मिळते, ती कोरड्या भिंतीला, आणि फक्त आतल्या बाजूला. दोन हात मिळून जाडी किती? एक ते दीड मिलिमीटर. म्हणजे एका रुपयाच्या नाण्याएवढीसुद्धा धड नाही. त्या जाडीत हॉलच्या भिंतीतला करंगळीएवढा खड्डा कसा झाकणार? झाकतात, पाच-सहा मिलिमीटर थापून. मग तीच जागा पुढं तडकते.

*पीओपी.* ओबडधोबड गिलावा सरळ करायला वरून थर देतात. काम पटकन होतं, भिंत ओळंब्यात येते. पण ओलीशी याचं वैर. बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला, बाथरूमच्या मागच्या भिंतीला पीओपी केलं की पहिल्याच पावसाळ्यात डाग सांगून टाकतो. आणखी एक, काही कारागीर पीओपी आणि सिमेंट एकत्र कालवून खड्डे भरतात. ओल आली की या दोघांचं जमत नाही, भाग फुगतो आणि सुटतो.

*जिप्सम प्लास्टर.* हे थेट विटेवर किंवा ब्लॉकवर, वाळू-सिमेंटच्या गिलाव्याऐवजी. पीओपीचंच भावंडं. अर्ध्या तासात आवळतं, पाणी मारावं लागत नाही, आकसून केसभेगा पडत नाहीत, वर पुट्टीची फारशी गरज राहत नाही. दर ऐकून महाग वाटतं, पण तुलना करताना नुसत्या गिलाव्याशी नको, गिलावा अधिक पाणी मारण्याची मजुरी अधिक पुट्टी अशी बेरीज करा. हजार फुटांच्या घराला आतलं क्षेत्र साधारण तीन-साडेतीन हजार फूट भरतं, त्यावर हिशेब मांडा. मग फरक बराच कमी होतो. वाचलेले दोन-तीन आठवडे वेगळेच.

आणि जिप्समच्या बाजूनं एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडलाच पाहिजे: त्यात नदीतली वाळू लागत नाही. ते राजस्थानातून खणून, हजार किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास करून येतं हे खरं, पण कृष्णेचं पात्र तरी खरवडत नाही.

मग जिप्समच करावं की. नाही का?

इथं सांगलीची गोष्ट

माझी ताई सांगलीत राहते. 2018 साली त्यांनी तळमजल्याला सगळीकडं जिप्सम करून घेतलं. फार सुंदर काम. वास्तुशांतीला गेलो तेव्हा मी स्वतः भिंतीवरून हात फिरवून म्हणालो होतो, ताई, आम्ही बांधलं तर असंच. करणाऱ्यानं छातीठोक सांगितलं होतं, पाण्याला काही होत नाही.

2019 चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी, पाणी गेलं 57 फुटांच्या वर. ताईच्या घरात कमरेच्या वर पाणी, आणि ते एका रात्रीत उतरलं नाही, दिवसेंदिवस तसंच होतं. इकडं कराडातही प्रीतिसंगमाचा घाट पाण्याखाली होता, नदीकाठच्या घरांत पाणी होतं, आम्ही फोनवर एकमेकांना फक्त "वर आहात ना?" एवढंच विचारत होतो.

पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो. खराट्यानं भिंत धुवायला लागलो तर भिंतच खराट्याबरोबर यायला लागली. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. कुठं फुगलेली, कुठं पूर्ण ताव सुटून खाली पडलेला. ताई एक शब्द बोलली नाही. नुसती एका कोपऱ्यात उभी राहून त्या ढिगाकडं बघत होती. शेजारचं घर तीस वर्षांपूर्वीचं, साधा सिमेंटचा गिलावा आणि नीरू. त्यांचा रंग गेला, नीरू जागोजागी उडाला, लोणा लागला, ओल महिनोन् महिने हटली नाही. पण भिंत भिंतीला धरून होती. पुढच्या उन्हाळ्यात खरवडून परत हात मारला, झालं.

ताईनं कर्ज काढून पुन्हा गिलावा केला. 2021 च्या जुलैत पाणी परत आलं. त्या वेळी सिमेंटचा होता. टिकला.

यात जिप्समचा दोष नाही. जिप्सम पाण्यात मऊ पडतं हा त्याचा धर्म आहे. पाठ्यपुस्तकात आहे, चांगल्या कंपनीच्या गोणीवरसुद्धा ओल्या जागेत वापरू नका असं लिहिलेलं असतं. दोष हा की, ज्या गल्लीत 2005 ला पाणी आलं होतं त्या गल्लीत 2018 ला तळमजल्याला हे लावताना एकाही माणसानं, विकणाऱ्यानं नाही, लावणाऱ्यानं नाही, आराखडा काढणाऱ्यानं नाही, आणि आम्हीही नाही, "इथं पाणी येतं का?" हा प्रश्न विचारला नाही. सगळे रंगाचा कॅटलॉग बघत होतो.

म्हणून पहिला प्रश्न पाण्याचा. जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणारा. पण कृष्णाकाठच्या माणसाला 2005, 2019 आणि 2021 सांगा, तो ही शंभर वर्षं किती लांब असतात ते तुम्हाला सांगेल. प्लॉट घेताना ही रेषा बघा. घर आधीच तिथं असेल तर तळमजल्याला पुराच्या खुणेच्या वर दोन-तीन फुटांपर्यंत जिप्सम, पीओपी काही नको. सिमेंटचा गिलावा, साधा. वरच्या मजल्याला खुशाल जिप्सम करा. चमक वर, ताकद खाली.

आता ते खालचे 12 मिलिमीटर

जिप्सम नको म्हटलं की वाळूवर येतो. आणि वाळू म्हटलं की आपल्या भागात सगळे एकदम गप्प होतात.

नदीची वाळू गिलाव्याला चांगली हे खरं. आणि ती रात्रीत कशी येते हेही सगळ्यांना माहीत. सरकारनं 2023 ला 600 रुपये ब्रासनं वाळू द्यायचं धोरण आणलं, 2025 ला ते बदललं, सरकारी बांधकामात सुरुवातीला 20 टक्के कृत्रिम वाळू वापरायचं ठरवलं, घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत द्यायचं ठरवलं. धोरण कागदावर बरं आहे. पण आपण मालक लोक "नदीचीच पाहिजे, कशीही आणा" म्हणतो तेव्हा त्या रात्रीच्या ट्रॅक्टरचं भाडं आपणच भरत असतो. पुरात नदी काठ खाते तेव्हा मग आपणच तहसीलदाराला निवेदन देतो.

माझं मत, क्रश सँडनं गिलावा उत्तम होतो. अट एकच, ती धुतलेली, गिलाव्यासाठीची बारीक क्रश सँड पाहिजे, खडीक्रशरवरची भुकटी नको. नेमकं इथंच फसवतात. भुकटी स्वस्त, थापायला लोण्यासारखी मऊ, म्हणून गवंडीही खूश. पण बारीक कण जास्त झाले की मालाला पाणी जास्त लागतं, आणि जास्तीचं पाणी उडून गेलं की गिलावा आकसतो, जाळीसारख्या केसभेगा पडतात. घरच्या घरी बघायची सोपी रीत: काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर जो चिखलाचा थर बसेल तो वाळूच्या आठ टक्क्यांच्या वर दिसला तर गाडी परत पाठवा. लाज वाटून घेऊ नका. पैसे तुमचे आहेत.

पुढं वीट. आपल्याकडं नदीकाठच्या मळीच्या मातीची भट्टीची वीट पिढ्यान् पिढ्या वापरतात. चांगली भाजलेली असेल तर तिला तोड नाही. कच्ची किंवा क्षाराची असेल तर पांढरा लोणा गिलाव्यातून बाहेर येतो, आणि लोण्यापुढं जगातली कुठलीही पुट्टी टिकत नाही. वीट एक दिवस पाण्यात ठेवून उन्हात वाळवा, अंगावर पांढरी पूड आली तर समजून जा.

मग सांधे. काँक्रीटचा कॉलम आणि विटेची भिंत हे दोघं उन्हात, थंडीत वेगवेगळं फुगतात-आकसतात. त्यात आपण कोयनेचे शेजारी. 11 डिसेंबर 1967 ची पहाट आठवणारी माणसं अजून आपल्या घरात आहेत, आणि लहानसहान धक्के तर आजही येतात. त्या सांध्यावर कोंबडी जाळी, म्हणजे ते चिकन मेश, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच ठोकायची आणि मग गिलावा. वायरिंगच्या पाइपसाठी मारलेल्या झिऱ्यांवरही तीच जाळी. गुळगुळीत काँक्रीटला छिन्नीनं खाचा पाडायच्या, नाहीतर गिलावा नुसता चिकटून बसतो, धरत नाही. या जाळीचा खर्च अख्ख्या घराला एका चांगल्या पंख्यांच्या जोडीपेक्षा फार जास्त येत नाही. माझ्या घरात ती "नंतर बघू" म्हणून राहिली. ती वरपासून खालपर्यंतची रेघ तिथूनच आली.

आणि शेवटी पाणी. किमान सात दिवस. दिवसातून दोनदा, उन्हाळा असेल तर तीनदा. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं, ही साधी गोष्ट अजून अर्ध्या लोकांना पटत नाही. पाणी कमी पडलेला गिलावा चावीनं ओरखडला तर पिठासारखा सुटतो. त्यावर पुट्टी म्हणजे भुसभुशीत जमिनीवर फरशी. आणि आपल्याकडं "पाणी नव्हतं" हे कारण चालणार नाही. शेजारच्या मलकापूरनं तर 24 तास मीटरनं पाणी देऊन देशात नाव काढलं. पाणी आहे, पाइप धरणारा माणूस नाही. ठेक्यात त्याची मजुरीच धरलेली नसते. ठेका लिहिताना ही ओळ वेगळी घाला: पाणी मारायला एक माणूस, सात दिवस. नाहीतर माझ्यासारखं पहाटे साडेपाचला स्वतः पाइप घेऊन उभं राहा.

त्यानंतर घाई करू नका. गिलावा पूर्ण सुकू द्या. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा, दुसऱ्या दिवशी आतून घाम दिसला तर भिंत अजून ओली आहे. आपल्याकडं सगळे दिवाळीत घरभरणी धरतात, म्हणून पुट्टी आणि रंग पडतात ऐन भाद्रपदात. मुहूर्त भटजी काढतो, पोपडे पुढच्या पावसाळ्यात निघतात.

भिंत घासणारा माणूस

आता एक गोष्ट, जी कुठल्याच जाहिरातीत नसते. पुट्टी गुळगुळीत आपोआप होत नाही. कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन ती घासतं. बंद खोलीत, डोक्यावर बल्ब लावून, दिवसभर. माझ्या घरात काम करणारी पोरं विशी-बाविशीची. संध्याकाळी बाहेर येतात तेव्हा पापण्या पांढऱ्या, केस पांढरे, नाकातोंडात भुकटी. तोंडाला काय, तर गमछा. त्या धुळीचे बारीक कण गमछ्यातून आरामात आत जातात, आणि वर्षानुवर्षं छातीत साठतात.

मी मास्क आणून दिले. साधे कापडी नव्हे, धूळ अडवणारे. पहिल्या दिवशी हसले, तिसऱ्या दिवशी मागून घेतले. खिडक्या उघड्या ठेवायच्या, भुकटी झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. मला यात काही फार मोठं केलं असं वाटत नाही. उलट, हे लक्षात यायला दोन महिने लागले याची लाज वाटते.

आणि बघा, यासाठी व्यवस्था आहे. 1996 च्या कायद्यानं बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर कामगार कल्याणासाठी सुरू झाला. ठरावीक खर्चापर्यंतचं स्वतःचं राहतं घर सोडलं तर आपण तो भरतो. त्या पैशातून बांधकाम कामगार मंडळाच्या योजना चालतात. नोंदणीला वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. माझ्याकडं काम केलेल्या चार पोरांपैकी तिघांची नोंदणीच नव्हती. का? दाखल्यावर सही करायला ठेकेदार तयार नाही. मालकांनो, ठेका देताना ही अट घाला. जो भिंत गुळगुळीत करतो त्याच्या नावावर निदान तो 1 टक्का तरी पोचू दे.

आणि हे फक्त माझ्या घरापुरतं नाही

पुट्टीत सगळं झाकून जातं, हे वाक्य आपल्या सार्वजनिक कामांना किती तंतोतंत लागू पडतं बघा. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात जाऊन कुठल्याही नव्या शाळाखोलीत, समाजमंदिरात, दवाखान्यात डोकवा. रात्रीचा बल्ब लावून पुट्टी आणि रंग चालू असतो. पाहुणे येतात, फीत कापतात, भिंत चकचकीत, फोटो झकास. दुसऱ्या पावसाळ्यात वर्गात पोपडे पोरांच्या डोक्यावर. मग दुरुस्तीचं नवं टेंडर. त्यातही काय? खरवडून परत पुट्टी.

आणि घरकुलवाला? केंद्राच्या योजनेत त्याला 25 चौरस मीटरच्या घराला 1 लाख 20 हजार मिळतात. त्यात त्याला हप्ता मिळवायला भिंत उभी दिसली पाहिजे, फोटो निघाला पाहिजे. त्याच्या गिलाव्याला सात दिवस पाणी मिळालं का, हे कुठल्याच फोटोत दिसत नाही. खरं म्हणजे ज्याला आयुष्यात पुन्हा गिलावा करणं परवडणार नाही, त्याच्याच भिंतीकडं सगळ्यात जास्त लक्ष द्यायला पाहिजे.

म्हणून माझ्या साध्या तीन मागण्या.

एक, नगरपालिका, नगरपंचायत, ग्रामपंचायत, जो कुणी बांधकाम परवाना देतो, त्यानं नदीकाठच्या प्लॉटच्या परवान्यावर 2019 ला तिथं पाणी किती उंच होतं हे लिहून द्यावं. माहिती गावाजवळ आहे, खांबांवर खुणा आहेत. कागदावर आली की माणूस तळमजल्याला काय लावायचं ते दहा वेळा विचार करून ठरवेल.

दोन, प्रत्येक सार्वजनिक इमारतीच्या गिलाव्याची पाहणी रंगाच्या आधी व्हावी, आणि ती गावकऱ्यांसमोर व्हावी. फार मोठी यंत्रणा नको. सहा फुटी पट्टी, एक टॉर्च आणि एक किल्ली. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारला की सगळे उंचवटे दिसतात. बोटानं टकटक केलं की पोकळ जागा बद्द वाजते. किल्लीनं ओरखडलं की पीठ सुटतं का ते कळतं. आपल्या कराडात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या पोरांना ही पाहणी शिकायला मिळाली तर त्यांचंही भलं, आपलंही.

तीन, सरकारी कामाच्या ठेक्यात पाणी मारण्याचा वेगळा दर आणि कामगार नोंदणीचा दाखला, या दोन गोष्टी बिल निघण्याआधी तपासाव्यात.

माझ्या भिंतीचं काय झालं

तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो. हॉलची ती भिंत मी काढायला लावली. ठेकेदार दोन दिवस बोलत नव्हता. घरात बायको म्हणाली, एवढं कशाला ताणता, रंग दिला की कुणाला दिसणार आहे? ताईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "काढ. आत्ता पन्नास फूट काढशील, नंतर अख्खं घर काढावं लागतं."

काढली. जाळी ठोकली, धुतलेली क्रश सँड, सिमेंटचा गिलावा, नीरू नाही, स्पंज मारून सोडला. आज पाण्याचा सहावा दिवस. तळमजल्याला पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचे दोन पातळ हात होतील, भिंत पूर्ण सुकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर. घरभरणी पुढं ढकलली. पाहुण्यांना नाराज व्हायचं असेल तर होऊ देत. वरच्या दोन खोल्यांना जिप्समच करणार आहे, तिथं ना पूर येणार ना ओल. म्हणजे मी कुठल्या पोत्याच्या विरोधात नाही. मी त्या वाक्याच्या विरोधात आहे.

भिंत काचेसारखी होईल का? नाही होणार. बाजूनं उजेड पडला की थोडे उंचवटे दिसतील. दिसू देत.

काल संध्याकाळी ठेकेदार परत आला. नव्या भिंतीला पट्टी लावली, माझ्याकडं न बघता म्हणाला, "आता बसलीय बघा." मग थोडं थांबून, "पुढच्या सायटीवर जाळी धरतो मी ठेक्यातच."

एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत नवीन शाळाखोली होत असेल तर रंग लागण्याआधी एकदा जाऊन या. खिशात किल्ली असतेच.